पास्ता सॉसच्या बरणीवरचे लेबल कसे वाचावे : घटक, पोषणमूल्ये आणि ताटापर्यंतचा हिशेब

दुकानातून पास्ता सॉसची तयार बरणी उचलताना बहुतेक जण तीन गोष्टी पाहतात : पुढच्या बाजूचे टोमॅटो आणि बेसिलच्या पानांचे चित्र, ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह्ज’ हे शब्द आणि फार तर कॅलरींचा आकडा. या तिन्हींवरून केलेली निवड बहुधा चुकते, कारण टोमॅटोच्या सॉसमध्ये खरी अडचण असते मिठाची, पांढऱ्या सॉसमध्ये स्निग्धांशाची आणि बेसिल वाटून केलेल्या पेस्टोमध्ये तेलाच्या प्रमाणाची. यांपैकी एकही गोष्ट बरणीच्या पुढच्या बाजूला लिहिलेली नसते. मागच्या बाजूला मात्र निर्णयाला पुरेल एवढी माहिती कायद्याने छापलेली असते. ती योग्य क्रमाने वाचावी लागते. तो क्रम आणि प्रत्येक पायरीवर हमखास होणाऱ्या चुका पुढे दिल्या आहेत.

## तयारी : दुकानात जाण्याआधी

घरात एका वेळी एका माणसाच्या ताटात किती सॉस जातो, हे एकदा मोजून ठेवावे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामे पातेले ठेवून काटा शून्यावर आणावा, नेहमीप्रमाणे सॉस ओतावा आणि आलेल्या वजनाला जेवणाऱ्यांच्या संख्येने भागावे. साधारण ८० ग्रॅम कोरड्या पास्त्याला १०० ते १२५ ग्रॅम सॉस लागतो; ज्यांना पास्ता ओलसर आवडतो त्यांच्याकडे तो याहूनही अधिक जातो. हा आकडा हाती नसेल तर पुढचा सारा हिशेब कंपनीने ठरवलेल्या ‘सर्व्हिंग’वर, म्हणजे एका वाढणीच्या मापावर, अवलंबून राहतो.

दुसरी तयारी म्हणजे घरातल्या कोणाला काय चालत नाही, याची नोंद. रक्तदाब असल्यास सोडियम, मधुमेह असल्यास साखर आणि स्टार्च, मूत्रपिंडाचा विकार असल्यास पोटॅशियम, ॲलर्जी असल्यास दूध, गहू, सोया, काजू किंवा अक्रोड. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांसाठी, आणि चातुर्मासापुरते ते वर्ज्य करणाऱ्यांसाठीही, हा मुद्दा स्वतंत्रपणे तपासावा लागतो. तो दुसऱ्या टप्प्यात येईल.

लेबलावरची अक्षरे बारीक असतात. मोबाइलवर मागच्या बाजूचा फोटो काढून तो मोठा करून वाचणे, हा सर्वांत सोपा उपाय आहे.

## टप्पा १ : सॉसचा प्रकार ओळखावा

तुलना नेहमी एकाच प्रकारच्या दोन सॉसमध्ये करावी. टोमॅटोचा लाल सॉस, म्हणजे मरिनारा, अराबियाता किंवा नुसता ‘टोमॅटो अँड बेसिल’, १०० ग्रॅमला साधारण ५० ते ९० किलोकॅलरी देतो. अल्फ्रेडोसारखा पांढरा सॉस क्रीम, चीज, तेल किंवा लोणी यांमुळे १५० ते २५० च्या घरात जातो. पेस्टोमध्ये तेल आणि सुकामेवा मुख्य असल्याने तो ४०० च्या पुढे सहज जातो. परंतु पेस्टो ताटात दोन-तीन चमचेच घ्यायचा असतो. म्हणून पेस्टोचा १०० ग्रॅमचा आकडा पाहून दचकणे जितके चुकीचे, तितकेच तो लाल सॉससारखा पळीने वाढणेही चुकीचे.

पेस्टोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. इटलीतल्या जेनोव्हा शहराच्या परंपरेतला पेस्टो बेसिल, पाइन नट्स, चीज, लसूण, मीठ आणि ऑलिव्ह तेल यांचा असतो. बरणीतल्या पेस्टोमध्ये ऑलिव्हऐवजी सूर्यफूल तेल, पाइन नट्सऐवजी काजू आणि दाटपणासाठी बटाट्याचा कीस किंवा पीठ घातलेले पुष्कळदा आढळते. त्यात आरोग्याला घातक असे काही नाही, पण महागड्या ऑलिव्ह तेलाच्या नावाने पैसे मोजताना ते तेल यादीत कितव्या स्थानावर आहे हे ठाऊक असले पाहिजे.

सावधान : पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीजे वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजली जातात, आणि ग्राना पादानोमध्ये अंड्यापासून मिळणारे लायसोझाइमही वापरतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बरणीवर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका शाकाहाराची खूण असतो, तर मांसाहारासाठी तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. परदेशात राहणाऱ्या शाकाहारी वाचकांना अशी सक्तीची खूण बरणीवर मिळेलच असे नाही. चीज असलेला सॉस घेताना तो शाकाहारींसाठी योग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख शोधावा.

## टप्पा २ : घटकांची यादी वाचावी

पोषणाच्या तक्त्याआधी घटकांची यादी वाचावी. तक्ता सांगतो किती, आणि यादी सांगते कशामुळे. कारण ठाऊक नसताना आकड्याचा अर्थ लावता येत नाही. एफएसएसएआय या केंद्रीय अन्न-नियामक संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे बनवताना जो पदार्थ सर्वाधिक घातला तो पहिला. शब्दांनी किंवा चित्राने ज्या घटकावर भर दिला असेल, त्याची टक्केवारीही द्यावी लागते. पुढच्या बाजूला टोमॅटो रंगवला असेल तर मागे टोमॅटोची टक्केवारी सापडलीच पाहिजे.

समजावून सांगण्यासाठी दोन काल्पनिक बरण्या घेऊ. पहिलीची यादी अशी : पाणी, टोमॅटो पेस्ट २२ टक्के, साखर, सूर्यफूल तेल, आयोडीनयुक्त मीठ, मॉडिफाइड स्टार्च, मिश्र मसाला, ॲसिडिटी रेग्युलेटर, प्रिझर्व्हेटिव्ह. दुसरीची अशी : टोमॅटोचे तुकडे ६५ टक्के, टोमॅटो प्युरी १८ टक्के, कांदा, ऑलिव्ह तेल, मीठ, लसूण, बेसिल, ॲसिडिटी रेग्युलेटर.

### टोमॅटोचा हिशेब

पहिल्या यादीत पाणी सर्वांत आधी दिसले की ‘यात नुसते पाणीच आहे’ असा निष्कर्ष बरेच जण काढतात. तो घाईचा आहे. टोमॅटोतला घन अंश ब्रिक्स या मापात मोजतात. ताज्या टोमॅटोचे ब्रिक्स साधारण ५ असते, तर व्यापारात सर्रास वापरल्या जाणाऱ्या दाट पेस्टचे २८ ते ३०. याचा अर्थ १ ग्रॅम पेस्ट आटवायला साडेपाच ग्रॅमच्या आसपास ताजे टोमॅटो लागतात. पहिल्या बरणीतली २२ ग्रॅम पेस्ट अशा रीतीने सुमारे १२० ग्रॅम ताज्या टोमॅटोंइतकी भरते, आणि तिच्यातले पाणी हे मुख्यतः आटवताना काढलेले पाणी परत घातलेले असते. दुसऱ्या बरणीत ६५ ग्रॅम तुकडे आहेत. प्युरीचे ब्रिक्स १० धरले तर १८ ग्रॅम प्युरी म्हणजे सुमारे ३६ ग्रॅम टोमॅटो. दोन्ही मिळून १०० ग्रॅमच्या आसपास.

म्हणजे टोमॅटोच्या बाबतीत पाण्याने सुरू होणारी बरणी कमी पडत नाही. तुकड्यांचा पोत आणि कमी आटवलेल्या टोमॅटोची चव दुसरीत निश्चितच अधिक चांगली लागेल, पण ती चवीची बाब झाली. पेस्टचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असेल आणि पुढे लगेच स्टार्च दिसत असेल, तर मात्र तो सॉस खरोखरच पातळ असून पिठाने दाट केलेला आहे असे समजावे.

पडताळणी : टोमॅटोची टक्केवारी कोठेच दिलेली नसेल आणि पुढे मोठे चित्र असेल, तर ती बरणी परत ठेवावी. जो उत्पादक ही साधी बाब पाळत नाही, त्याच्या इतर आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नाही.

### साखर, स्टार्च आणि तेल

साखर यादीत मिठाच्या आधी आहे की नंतर, हे पाहावे. टोमॅटोचा आंबटपणा मोडण्यासाठी चिमूटभर साखर घरीही घालतात आणि ती यादीत मिठानंतर येते. ती टोमॅटोनंतर दुसऱ्या-तिसऱ्या स्थानी आली, तर सॉस केचपच्या वाटेने गेला आहे. साखरेची इतर नावेही ओळखावीत : ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचा अर्क. माल्टोडेक्स्ट्रिन हे कायद्याच्या भाषेत साखर नसले तरी रक्तातली साखर वेगाने वाढवते, म्हणून मधुमेहींनी त्याकडेही लक्ष द्यावे.

मॉडिफाइड स्टार्च, म्हणजे बहुधा आयएनएस १४२२ किंवा १४४२, आणि झँथन गम म्हणजे आयएनएस ४१५, हे दाटपणासाठी असतात (आयएनएस हे अन्नात घातल्या जाणाऱ्या पूरक द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक). ते अपायकारक नाहीत, मात्र सॉसला पोषण म्हणून काही देतही नाहीत. खाद्यतेलाचे नाव लिहावे लागते. पामतेल किंवा पामोलीन असेल तर सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे संपृक्त स्निग्धांशाचा, आकडा तिसऱ्या टप्प्यात आवर्जून पाहावा. थोडेसे तेल लाल सॉसमध्ये उपयोगीच असते, कारण टोमॅटोतले लायकोपीन शिजवल्यावर आणि तेलासोबत शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

### आयएनएस क्रमांकांची भीती

या क्रमांकांवरून बरणी नाकारणे ही सर्वांत अधिक आढळणारी चूक आहे. आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातले तेच. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ५०९ म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, टोमॅटोचे तुकडे शिजताना विरघळू नयेत म्हणून घातलेले. २०२ आणि २११ हे पोटॅशियम सॉर्बेट आणि सोडियम बेंझोएट, म्हणजे बुरशी व यीस्ट रोखणारे परिरक्षक. ६२१ हे मोनोसोडियम ग्लुटामेट असून ६२७, ६३१ आणि ६३५ ही त्याच्याच जोडीची चव वाढवणारी द्रव्ये आहेत. टोमॅटो आणि मुरलेले चीज या दोन्हींत ग्लुटामेट निसर्गतःच असते, त्यामुळे ‘नो ॲडेड एमएसजी’ या शब्दांना पास्ता सॉसवर फारसे वजन देऊ नये. शाकाहारींनी मात्र ६३१ दिसल्यास हिरवा ठिपका पुन्हा तपासावा, कारण ते द्रव्य प्राणिजन्यही असू शकते.

परिरक्षक नसणे हा पोषणाचा निकष नाही. टोमॅटोचा सॉस मुळात आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, ४.६ च्या खाली ठेवून तो गरम असतानाच बरणीत भरतात आणि झाकण लागल्यावर आत निर्वात पोकळी तयार होते. बंद बरणी त्यामुळेच टिकते. अशा बरणीत मीठ भरपूर असू शकते, आणि परिरक्षक असलेल्या बरणीत कमीही असू शकते.

सावधान : एखादा घटक स्वतःच अनेक पदार्थांचा बनलेला असेल आणि त्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्यातल्या पदार्थांची फोड देणे बंधनकारक नाही. मसाल्यांनाही एकत्रित नावाने लिहिण्याची मुभा आहे. ‘मिश्र मसाला’ या शब्दामागे लसणाची किंवा कांद्याची पूड असू शकते. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर यादीत ती नावे नाहीत एवढ्यावर थांबू नये. ‘जैन’ किंवा ‘नो ओनियन, नो गार्लिक’ असा स्पष्ट उल्लेख असलेलीच बरणी घ्यावी. ॲलर्जीची सूचना वेगळ्या ओळीत असते आणि तीत दूध, गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये, सोया, शेंगदाणे, सुकामेवा यांचा उल्लेख करावाच लागतो.

## टप्पा ३ : तक्त्यातला १०० ग्रॅमचा रकाना वाचावा

आता पोषणाचा तक्ता पाहावा. भारतीय लेबलावर आकडे १०० ग्रॅमला दिलेले असतात, परंतु शेजारच्या रकान्यातली दैनंदिन गरजेची टक्केवारी एका सर्व्हिंगची असते. दोन शेजारी रकाने दोन वेगळ्या मापांचे आहेत, हे लक्षात न आल्याने लोक सोडियम ६२० मिलिग्रॅम आणि त्यापुढे ९ टक्के असे वाचून निर्धास्त होतात. ते ९ टक्के कदाचित ३० ग्रॅमचे, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांचे असतात.

ही टक्केवारी ज्या दैनंदिन मापांवर काढलेली असते ती अशी : ऊर्जा २,००० किलोकॅलरी, एकूण स्निग्धांश ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २,००० मिलिग्रॅम, म्हणजेच ५ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांनी दिवसाला २,००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम घ्यावे असेच सांगते.

वाचण्याचा क्रम सॉसच्या प्रकारावरून ठरवावा. लाल सॉसमध्ये आधी सोडियम, मग वरून घातलेली साखर आणि शेवटी ऊर्जा. पांढऱ्या सॉसमध्ये आधी सॅच्युरेटेड फॅट, मग सोडियम. पेस्टोमध्ये एकूण स्निग्धांश आणि सोडियम. प्रथिनांकडे पाहण्याची तसदी लाल सॉसपुरती घेतली नाही तरी चालेल. ती १०० ग्रॅमला १-२ ग्रॅमच असतात.

आपल्या पहिल्या काल्पनिक बरणीचा १०० ग्रॅमचा तक्ता असा समजू : ऊर्जा ७७ किलोकॅलरी, एकूण साखर ७.६ ग्रॅम, वरून घातलेली साखर ४.५ ग्रॅम, स्निग्धांश २.६ ग्रॅम, सोडियम ६२० मिलिग्रॅम. दुसरीचा असा : ऊर्जा ६२, एकूण साखर ३.९, वरून घातलेली साखर शून्य, स्निग्धांश ३.५, सोडियम ४१० मिलिग्रॅम.

साखरेच्या दोन ओळींतला फरक नीट समजून घ्यावा. टोमॅटोत स्वतःची साखर असते आणि आटवल्यावर ती दाट होते, म्हणून साखर न घातलेल्या लाल सॉसमध्येही एकूण साखर ३ ते ६ ग्रॅम दिसणे स्वाभाविक आहे. ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेल्या बरणीवर ४ ग्रॅम साखर पाहून फसवणूक झाली असे समजण्याचे कारण नाही.

सोडियमचे मीठ करायचे असेल तर मिलिग्रॅमला ४०० ने भागावे. ६२० मिलिग्रॅम म्हणजे दीड ग्रॅमहून किंचित अधिक मीठ, ४१० म्हणजे सुमारे १ ग्रॅम.

पडताळणी : ‘लो सोडियम’ असा दावा असेल, तर भारतीय नियमांनुसार १०० ग्रॅमला सोडियम १२० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. शिवाय घटकांच्या यादीत पोटॅशियम क्लोराइड किंवा आयएनएस ५०८ आहे का, हे पाहावे.

सावधान : टोमॅटो पेस्टमध्ये पोटॅशियम भरपूर असते, १०० ग्रॅमला साधारण १,००० मिलिग्रॅम. भारतीय तक्त्यात पोटॅशियमची ओळ सक्तीची नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी टोमॅटोचा तयार सॉस, आणि विशेषतः पोटॅशियम क्लोराइड घातलेला कमी सोडियमचा सॉस, डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

### परदेशी लेबल असल्यास

अमेरिकेतल्या बरणीवर आकडे सर्व्हिंगचे असतात. लाल सॉसची सर्व्हिंग अर्धा कप, म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम असते, तर अल्फ्रेडोची बहुधा पाव कप, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. त्यामुळे शेल्फवर शेजारी ठेवलेल्या या दोन बरण्यांचे आकडे थेट ताडून पाहिले की पांढरा सॉस आहे त्याहून हलका वाटतो. तेथे सोडियमची दैनंदिन मर्यादा २,३०० मिलिग्रॅम धरलेली असते, आणि पोटॅशियमची ओळ मात्र मिळते.

ब्रिटनमध्ये आणि युरोपात सोडियमऐवजी थेट मीठ ग्रॅममध्ये लिहितात आणि वरून घातलेल्या साखरेची वेगळी ओळ नसते. साखर कुठून आली हे तेथे घटकांच्या यादीवरूनच ओळखावे लागते. ब्रिटनमधल्या ऐच्छिक रंगखुणांमध्ये १०० ग्रॅमला १.५ ग्रॅमहून अधिक मीठ असल्यास लाल रंग येतो. आपली पहिली बरणी तेथे लाल खुणेत गेली असती. मार्स कंपनीने २०१६ मध्ये आपल्या काही सॉसवर, त्यांत डोल्मिओ या पास्ता सॉसच्या ब्रँडच्या काही प्रकारांवरही, ते रोज न खाता आठवड्यातून एखाद्या वेळीच खावेत अशी सूचना देण्याचे जाहीर केले होते. उत्पादकाने स्वतःच इतके स्पष्ट बोलावे, हे मला फार योग्य वाटते.

## टप्पा ४ : आपल्या वाढणीचा हिशेब करावा

तयारीत मोजून ठेवलेला आकडा आता वापरायचा आहे. १०० ग्रॅमच्या आकड्याला आपल्या वाढणीच्या ग्रॅमने गुणून १०० ने भागावे. वाढणी १२० ग्रॅमची असेल तर पहिल्या बरणीतून ७४४ मिलिग्रॅम सोडियम मिळते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या ३७ टक्के. लेबलावरचे ९ टक्के ते हेच. दुसऱ्या बरणीतून ४९२ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २५ टक्के. वरून घातलेली साखर पहिलीत ५.४ ग्रॅम, चहाच्या चमच्याने सव्वा चमच्याच्या आसपास. एवढी साखर निरोगी प्रौढाला फार नाही, आणि म्हणूनच लाल सॉसमध्ये साखरेपेक्षा मिठाकडे अधिक लक्ष द्यावे असा माझा आग्रह आहे.

संपूर्ण बरणीचाही हिशेब एकदा करून पाहावा. पहिली बरणी ३२५ ग्रॅमची असेल तर तिच्यात २,०१५ मिलिग्रॅम सोडियम आहे, म्हणजे एका प्रौढाचा पुरा दिवसाचा वाटा. ती दोघांनी एका जेवणात संपवली तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा दिवस आला.

सावधान : लहान मुलांची मर्यादा मोठ्यांपेक्षा कमी असते, तेव्हा लेबलावरची टक्केवारी त्यांना लागू करू नये. एक वर्षाखालील बाळाच्या खाण्यात मीठ आणि साखर घालत नाहीत, म्हणून त्याला तयार सॉस देऊच नये.

## टप्पा ५ : पूर्ण ताट मोजावे

सॉस एकटा खाल्ला जात नाही, आणि बरणी काळजीपूर्वक निवडणारेही या पायरीवर घसरतात. पास्ता उकळताना इटालियन पद्धतीने लिटरला १० ग्रॅम मीठ घातले, तर ८० ग्रॅम कोरडा पास्ता सुमारे १०० ग्रॅम पाणी शोषतो आणि त्यासोबत जवळपास १ ग्रॅमपर्यंत मीठ, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम आत जाते. वर प्रोसेस्ड चीजची एक स्लाइस घातली की आणखी २०० ते ३०० मिलिग्रॅम. पहिल्या बरणीचे ७४४ त्यात मिळवले की ताटाची बेरीज १,४०० च्या आसपास जाते. पिझ्झासोबत आलेल्या सीझनिंगच्या पुड्या साठवून त्या पास्त्यावर भुरभुरण्याची सवय अनेक घरांत आहे. त्यांतही बहुधा मीठ असते.

यावरचा उपाय पास्त्याच्या पाण्यापासून सुरू होतो. सॉस बरणीतला असेल तर पास्ता उकळताना मीठ घालूच नये, किंवा नेहमीच्या पाव भाग घालावे. सॉसमधले मीठ पास्त्याला पुरते.

ऊर्जेच्या बाबतीत चित्र उलटे आहे. ८० ग्रॅम कोरडा पास्ता सुमारे २८० किलोकॅलरी देतो आणि लाल सॉस जेमतेम ७५ ते ९५. वजनाच्या काळजीने सॉसमधल्या कॅलरी मोजत बसण्यापेक्षा पास्ता थोडा कमी करून भाज्या, उकडलेले छोले, पनीर किंवा चिकन वाढवणे अधिक उपयोगी ठरते. त्यातून सॉसमध्ये नसलेली प्रथिने आणि तंतूही मिळतात.

## टप्पा ६ : दोन बरण्यांतून निवड करावी

एवढे झाल्यावर निवडीला फार वेळ लागत नाही. लाल सॉसमध्ये १०० ग्रॅमला सोडियम ४०० च्या आसपास किंवा कमी, वरून घातलेली साखर २ ग्रॅमच्या आत आणि टोमॅटोची टक्केवारी स्पष्ट असलेली बरणी मी चांगली मानते. ४०० ते ६०० ची बरणी पुढे सांगितलेल्या पद्धतीने वापरता येते. ६०० च्या वरची नेहमीच्या वापरासाठी घेऊ नये. या मर्यादा कायद्याने आखलेल्या नाहीत. दिवसाच्या २,००० मिलिग्रॅमचा एक पंचमांश ते पाव हिस्सा सॉसला द्यावा, या विचाराने मी त्या ठरवल्या आहेत.

किंमत बरणीवर न पाहता १०० ग्रॅमला काढावी, कारण बरण्यांची वजने एकसारखी नसतात. आयात केलेल्या बरणीवर आयातदाराचे नाव, पत्ता, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहाराची खूण असलेले स्टिकर असले पाहिजे. ते नसेल तर बरणी कितीही आकर्षक वाटली तरी घेऊ नये. आधी घेतलेल्या ब्रँडचे लेबलही अधूनमधून पुन्हा वाचावे, कारण उत्पादक पाककृती बदलतात आणि पुढची बाजू तशीच ठेवतात.

## टप्पा ७ : वापरताना मीठ कमी करावे

खारट बरणी घरात आलीच असेल तर ती निम्म्याने वापरावी. पाणी घालून सॉस पातळ करू नये. त्याने चव जाते, आणि ती परत आणण्यासाठी हात पुन्हा मिठाकडे वळतो. क्रम असा ठेवावा.

१. एका माणसासाठी दोन-तीन टोमॅटो उकडून, साल काढून वाटावेत. १२० ग्रॅमच्या वाढणीत ६० ग्रॅम हे वाटण आणि ६० ग्रॅम बरणीतला सॉस घ्यायचा आहे.

२. चमचाभर तेलात बारीक चिरलेला कांदा आणि लसूण मऊ होईपर्यंत परतावेत. त्यांना स्वतःचा गोडवा असल्याने साखर लागत नाही. या वेळी मीठ घालू नये.

३. टोमॅटोचे वाटण घालून त्याचा कच्चा वास जाईपर्यंत आणि कडेने तेल सुटेपर्यंत आटवावे. घाई करून कच्चे वाटण आणि बरणीतला सॉस एकदम घातले तर आंबटपणा राहतो आणि मग साखर घालावीशी वाटते.

४. बरणीतला सॉस आता घालावा आणि दोन मिनिटे गरम करावा. तो आधीच शिजलेला आहे. फार वेळ उकळला तर पाणी उडून मीठ पुन्हा दाट होते.

५. सॉस घट्ट वाटला तर पास्त्याचे बिनमिठाचे पाणी घालावे, पास्ता मिसळावा, चीज घालायचे असल्यास घालावे आणि त्यानंतर चव पाहावी. मीठ लागलेच तर ते या ठिकाणी, चिमटीने.

या पद्धतीने पहिल्या बरणीतून येणारे सोडियम ७४४ वरून ३७२ मिलिग्रॅमवर येते.

पडताळणी : शेवटी चव सपक वाटली तर मिठाआधी मिरपूड, ताजे बेसिल किंवा लिंबाचे दोन थेंब घालून पाहावेत.

## टप्पा ८ : उघडलेली बरणी

बरणी घेताना झाकणाच्या मध्यभागी दाबून पाहावे. तेथे सुरक्षेची गोल खूण असेल तर ती खोलगट असली पाहिजे. दाबल्यावर टक्कन आवाज येत असेल किंवा झाकण फुगलेले असेल तर आतली पोकळी गेली आहे, आणि ती बरणी घेऊ नये.

उघडल्यावर बरणी लगेच फ्रिजमध्ये ठेवावी आणि लेबलावर दिलेल्या दिवसांत संपवावी. ही मुदत सहसा काही दिवसांचीच असते. बेस्ट बिफोरची तारीख फक्त बंद बरणीला लागू होते. चमचा नेहमी कोरडा आणि स्वच्छ वापरावा, बरणीतून थेट चाखून तोच चमचा परत घालू नये. लवकर संपणार नसेल तर पहिल्याच दिवशी उरलेला सॉस एका वेळेच्या वाढणीइतक्या छोट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकावा आणि डब्यावर तारीख लिहावी. पांढरा सॉस गोठवल्यावर फाटतो, म्हणून ही युक्ती लाल सॉसपुरतीच ठेवावी. झाकणाच्या आत किंवा सॉसच्या पृष्ठभागावर बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढाच भाग काढून बाकीचा वापरू नये. पातळ पदार्थात बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते, म्हणून संपूर्ण बरणी टाकून द्यावी.